गळापासून मुठीकडे

रॉड सगळ्यात शेवटी विकत घ्यावा. हौशी मासेमारीच्या साहित्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच, पुढचा सगळा लेख म्हणजे त्याचं कारण. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंदकडची तरुण मुलं आता मोबाइलवर अमेरिकेतल्या बास मासेमारीचे व्हिडिओ बघतात. एखादा देखणा रॉड मनात भरतो, तो हैदराबादहून किंवा ऑनलाइन मागवला जातो, त्याला परवडेल ते रील बसवलं जातं आणि दोरा दुकानदार देईल तो. मग करंजा धरणाच्या फुगवट्यावर पहिलीच दांडगी मरळ बुडालेल्या बाभळीच्या बुंध्यात शिरते, दोरा तुटतो आणि दोष नशिबाला दिला जातो. दोष क्रमाचा असतो. आधी पाणी आणि मासा बघायचा, मग गळ, मग दोरा, मग रील आणि शेवटी हातातली काठी.

ज्याच्यासाठी हे सगळं साहित्य घडलं तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला मासा. जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास धरला. हा विक्रम सत्त्याहत्तर वर्षं टिकला. २००९च्या जुलैत जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. बासभोवती अमेरिकेत आणि जपानमध्ये मोठा उद्योग उभा राहिला आणि आज बाजारात मिळणारी पुष्कळशी रॉड-रीलं त्याच्याच सवयी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात. गवतात, झुडपांच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि समोरून काही हललं की झडप घालायची, ही ती सवय.

आपल्याकडे हीच सवय मरळीची आहे. हैदराबादच्या बाजारात तिला कोरमीनू म्हणतात आणि तेलंगणानं तर तिला राज्यमासा केलं आहे. बिदर जिल्ह्यात करंजा आणि मांजरा, गुलबर्ग्याकडे भीमा, कागिणा, बेन्नेतोरा, शिवाय गावोगावचे तलाव, अशा सगळ्या पाण्यांत ती सापडते. पण खोल, वाहत्या धारेत तिला शोधू नका. काठालगतचं गुडघाभर ते कमरेएवढं पाणी, बेशरमाची झुडपं, पाणकणीस, जलपर्णीच्या कडा, पाणी चढल्यावर बुडालेल्या बाभळी, ही तिची घरं. मरळीला कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेता येतो. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यासाठी खास पोकळी असते. म्हणून ती थोड्या थोड्या वेळानं वर येते आणि पाण्यावर ‘पुळुक’ असा आवाज करून हवा घेऊन परत खाली जाते. तो आवाज ओळखायला शिकलात की निम्मी मासेमारी आली.

मासा कोणता, तो कुठे राहतो, काय खातो आणि म्हणून गळ, दोरा, काठी कशी असावी, हा विचार या मातीला नवा नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं शके १०५१ मध्ये, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात ही जुनी नोंद याच ग्रंथातली, त्यामुळे मराठी अभ्यासकांना तो परिचित आहे. पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे, त्यांच्या राहण्याच्या जागा, कोणाला कोणतं खाद्य घालावं, गळाला लावून मासा कसा खेळवावा, असं सगळं त्यात येतं. सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. बसवकल्याणच्या किल्ल्यात जाऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं: हौसेनं गळ टाकण्याचं शास्त्र इथे नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथात बसवलं गेलं.

आता गळाकडे येऊ. मरळीचा जबडा हाडाचा, कडक, आणि दात बारीक पण टोकदार असतात. तिला पूर्वापार जिवंत बेडूक लावून धरत आले आहेत. ती रीत आता सोडावी असं माझं ठाम मत आहे. बेडूक शेतातले किडे खातो. त्याच्या तंगड्यांची निर्यात देशानं १९८७ मध्ये बंद केली त्यामागे हेही एक कारण होतं. आणि रबरी बेडूक त्याच्याइतकाच चालतो. हा पोकळ, मऊ बेडूक आठ ते पंधरा ग्रॅमचा असतो. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून, टोकं वर करून बसलेले असतात, म्हणून तो जलपर्णीवरून, गवतावरून न अडकता सरकतो. मरळीनं तोंडात धरला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. विकत घेतानाच अंगठ्या-तर्जनीत बेडूक दाबून बघा. सहज दबला नाही आणि गळाची टोकं बाहेर आली नाहीत, तर तो कितीही रंगीत असो, दुकानात ठेवून या. गळाचं टोक नखावर हलकेच टेकवून ओढावं. ते रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानसेवर लावून घ्यावं.

या बेडकावरून दोरा ठरतो, आणि सगळ्यात जास्त विचार दोऱ्याचा करावा लागतो. दोऱ्याच्या वेष्टनावर पौंडांत आकडा असतो. पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, तेव्हा ३० पौंडांचा दोरा साडेतेरा किलोंच्या ओढीला तुटतो असं धरा. आपल्याकडे पिढीजात वापरात असलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीनं नायलॉन आणल्यावर जगभर पसरला. तंगूस स्वस्त आहे, गाठ धरतो, दगडावर घासला तरी बराच टिकतो. पण तो ताणतो. तुटण्याआधी पाव भागापर्यंत लांबू शकतो. तीस मीटरवर जलपर्णीत मरळ लागली आणि तुम्ही झटका दिला, तर झटक्याचा बराचसा जोर त्या ताणण्यातच जिरतो आणि तिच्या हाडाच्या जबड्यात गळ शिरतच नाही. शिवाय तीस पौंडांचा तंगूस अर्ध्या मिलिमीटरहून जाड असतो. एवढा जाड दोरा छोट्या रीलवर मावत नाही आणि लांब जात नाही.

म्हणून मरळीसाठी विणलेला ब्रेडेड दोरा घ्यावा. तो अतिशय मजबूत पॉलिइथिलीनच्या बारीक तंतूंचा असतो. त्याच ताकदीला त्याची जाडी तंगुसाच्या निम्म्याच्या आसपास भरते, आणि तो जवळजवळ ताणत नाही. त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, ०.९७. त्यामुळे तो तरंगतो आणि पाण्यावरून चालणाऱ्या बेडकाला खाली ओढत नाही. गवताचे देठ तो अक्षरशः कापत येतो. तीस ते चाळीस पौंडांचा ब्रेड आपल्या पाण्यांना पुरेसा आहे. त्याचे दोन दोष मात्र लक्षात ठेवा. दगडाच्या धारेवर तो तंगुसापेक्षा लवकर कापला जातो, आणि ओला ताणलेला ब्रेड हाताला गुंडाळून ओढला तर बोटाचं मांस कापतो. अडकलेला बेडूक सोडवायचा असेल तर दोरा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा, हाताला कधीच नाही. जिथे काठ खडकाळ आहे तिथे ब्रेडच्या पुढे दोन हात लांबीचा जाड तंगूस जोडावा. फ्लुरोकार्बन नावाचा महाग दोरा पाण्यात कमी दिसतो म्हणून विकला जातो. काळ्या मातीवरून वाहून आलेल्या आपल्या गढूळ पाण्यात मरळीसाठी त्याची गरज पडत नाही.

रील दोन जातींचं मिळतं. बेटकास्टिंग रीलमध्ये दोरा टाकताना चकरी स्वतः फिरते, आणि अंगठ्यानं तिला आवरावं लागतं. बासवाले अमेरिकन हेच रील फार वापरतात. कसलेल्या हातात ते अचूक चालतं, पण वाऱ्याविरुद्ध हलकी वस्तू टाकली की चकरी दोऱ्याच्या पुढे पळते आणि क्षणात गुंत्याचा डोंगर होतो. बिदरच्या पठारावर आषाढात कसा वारा असतो हे सांगायला नको. सुरुवात करणाऱ्यानं स्पिनिंग रील घ्यावं. यात चकरी स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो. गुलबर्ग्याच्या महबूबशाही मिलमध्ये काम केलेल्या जुन्या कामगाराला हे लगेच कळेल, कारण बॉबिनच्या टोकावरून सूत सुटतं तसंच हे. ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड या कापडधंद्याच्या गावातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं १९०५ मध्ये अशा रीलचं पेटंट घेतलं.

आकार ३००० किंवा ४००० घ्या. त्याहून लहान रीलमध्ये झाडीतून मासा ओढून काढायचा दम नसतो आणि त्याहून मोठं दिवसभर हातात जड होतं. रीलवर ५.२:१, ६.२:१ असा आकडा दिसेल. मूठ एकदा फिरवली की दोरा गुंडाळणारा भाग किती वेळा फिरतो ते त्यातून कळतं. बेडकासाठी सहाच्या आसपासचा आकडा बरा, कारण मरळ लागल्यावर ती तुमच्याच दिशेनं धावली तर ढिला पडलेला दोरा झपाट्यानं आत यायला हवा. बेअरिंगांच्या संख्येवर भुलू नका. दुकानात मूठ धरून हलवून बघा. खुळखुळ नको. चकरीवरची ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती जोराला सुटावा हे ठरवणारी, कळ एकेक घर फिरवत दोरा ओढून बघा, तो झटके न देता सुटला पाहिजे.

रीलवर दोरा भरण्याचं काम घाईघाईत उरकलं जातं आणि वर्षभराच्या गुंत्यांचं मूळ तिथेच असतं. ब्रेड गुळगुळीत असल्यानं धातूच्या चकरीवर सरळ बांधला तर सगळा गोळाच्या गोळा आतल्या आत घसरतो. बाहेरून दोरा नीट दिसतो, पण मासा ओढू लागला की रील फिरतं आणि दोरा जागचा हलत नाही. म्हणून आधी पाच-सात मीटर साधा तंगूस गुंडाळावा आणि त्याला ब्रेड जोडावा. बेल, म्हणजे ती तारेची कमान, आधी उघडून मगच दोरा चकरीला बांधायचा. उलटं केलं तर सगळं परत सोडावं लागतं. दोऱ्याचं रीळ जमिनीवर आडवं ठेवा, दोरा ओल्या कापडातून चिमटीत धरा आणि बऱ्यापैकी ताण ठेवून गुंडाळा. दहा-पंधरा वेढे झाले की थांबा आणि दोरा ढिला सोडा. त्याला पीळ पडून वेटोळी होऊ लागली तर जमिनीवरचं रीळ पालथं करा, पीळ थांबेल. चकरीच्या ओठाखाली दीड-दोन मिलिमीटर जागा उरेल इतकंच भरा. त्याहून कमी भरलं तर दोरा ओठावर घासून फेक तोकडी पडते, काठोकाठ भरलं तर वेटोळीच्या वेटोळी एकदम सुटतात. आणि टाकल्यानंतर बेल मूठ फिरवून नाही, हातानं बंद करावी. एवढ्या एका सवयीनं ब्रेडचे निम्मे गुंते वाचतात.

आता रॉड. त्याच्या दांड्यावर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: लांबी, ताकद, किती ग्रॅमचं आमिष टाकायला तो बनवला आहे आणि किती पौंडांचा दोरा त्याला चालतो. आपला बेडूक आठ ते पंधरा ग्रॅमचा आणि दोरा तीस-चाळीस पौंडांचा हे आधीच ठरलेलं असल्यानं निवड सोपी होते. साडेसहा ते सात फूट, मीडियम-हेवी ताकद, फास्ट ॲक्शन. फास्ट म्हणजे फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. वाकणारं टोक बेडूक फेकतं आणि ताठ बुंधा मरळीला बुडालेल्या फांदीपासून वळवून आणतो. पन्नास-साठ ग्रॅमची वजनं टाकण्यासाठीचा जाड रॉड हलक्या बेडकानं वाकतच नाही, आणि रॉड वाकला नाही की फेक होत नाही, मग माणूस खांद्याच्या जोरावर फेकत बसतो आणि संध्याकाळी खांदा धरतो.

फायबरग्लासचा रॉड स्वस्त, जड आणि सोशिक. कार्बनचा हलका, ताठ आणि ठिसूळ. बसनं ये-जा करणाऱ्यानं दोन तुकड्यांचा घ्यावा. जोडताना दोन्ही तुकड्यांच्या कड्या एका रेषेत आणाव्यात. कड्यांच्या आत कापसाचा बोळा फिरवून बघा. धागा अडकला तर तिथे चीर आहे, आणि ती चीर तुमचा महागडा दोरा रोज थोडा थोडा कापणार. रील बसवून रॉड एका बोटावर तोलावा. तोल मुठीच्या पुढच्या टोकाजवळ यावा. टोक सारखं खाली जात असेल तर दिवसभर मनगट त्याला उचलत राहणार.

कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे तलावांच्या काठानं पंपांच्या तारा गेलेल्या असतात आणि वळवाच्या दिवसांत विजा कोसळतात. तारेखाली रॉड उभा धरू नये, आणि गडगडाट ऐकू आला की रॉड जमिनीवर आडवा ठेवून त्याच्यापासून लांब व्हावं. ही सूचना दुकानात कोणी देत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

गाठ एकच शिका, पण डोळे मिटून बांधता आली पाहिजे. पालोमार नावाची गाठ ब्रेडला उत्तम. दोरा दुहेरी करून बेडकाच्या कडीतून ओवायचा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खा बेडूक पलीकडे काढायचा, गाठ थुंकीनं ओली करायची आणि सावकाश आवळायची. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते, आणि तंगूस असेल तर तिथेच कमकुवत होतो.

ड्रॅग अंदाजानं लावू नका. घरात छोटा ताणकाटा असतोच. रॉड तिरका धरा, दोऱ्याचं टोक काट्याला अडकवून दुसऱ्याला ओढायला सांगा आणि दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याला रील सुटेल अशी कळ लावा. तीस पौंडांच्या दोऱ्याला साडेचार किलो. मोकळ्या पाण्यात यापेक्षा सैल चालेल. जलपर्णीत मात्र मरळीला एक हातही दोरा द्यायचा नाही, तिथे तेवढ्या दोऱ्यात ती देठांना वेढे घालते.

बेडूक जलपर्णीच्या कडेशी पडला की लगेच ओढू नका. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत थांबा, मग टोकाच्या हलक्या झटक्यांनी चार बोटं चालवा, पुन्हा थांबा. झडप आली की पाणी फुटतं आणि तुमचा हात आपोआप वर जातो. तो आवरा. रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, मूठ अर्धा-एक फेरा फिरवा, दोऱ्यावर तिचं वजन जाणवलं की मगच दोन्ही हातांनी जोरात उचला. साहित्य अचूक असूनही मासा सुटतो तो बहुतेक वेळा या अर्ध्या सेकंदाच्या घाईनं.

रोहू, कटला, मृगळ यांसाठी हे साहित्य उपयोगाचं नाही. ते मासे मऊ ओठांनी खाद्य चोखतात. ताठ रॉड आणि न ताणणारा ब्रेड त्यांचा ओठ फाडतो. भीमेच्या किंवा मांजऱ्याच्या डोहात कणकेचे, पेंडीचे गोळे लावून बसायचं असेल तर आठ-नऊ फुटांचा, मुठीपर्यंत सावकाश वाकणारा रॉड आणि बारा-पंधरा पौंडांचा तंगूस घ्यावा. मघाशी जो तंगुसाचा दोष ठरला तो, म्हणजे ताणणं, इथे गुण आहे. भारतातल्या तलावांमधल्या अशा मासेमारीवर हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्यानं १८८७ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याआधीचं त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरहून निघालं होतं.

पाण्यावर जाण्याआधी परवानगीचं बघा. कर्नाटकातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत सहकारी संघांकडे किंवा ठेकेदारांकडे गेलेला असतो. काठावरच्या मच्छीमारांना आधी विचारलं तर बहुधा जागाही तेच दाखवतात. चिंचोळी तालुक्यातलं चंद्रमपल्ली धरण वन्यजीव अभयारण्यात येतं, तिथे गळ टाकायचा नाही. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर भाविक स्नानाला उतरतात. त्या पाण्यात एकही गळ सुटता कामा नये.

पावसाळ्याच्या सुमाराला काठालगत लालसर-केशरी पिल्लांचा थवा पाण्यावर उकळल्यासारखा हलताना दिसेल. खाली मरळीचं जोडपं राखणीला असतं. त्या वेळी ती भूक नसतानाही बेडकावर तुटून पडते, कारण तिला तो शत्रू वाटतो, आणि म्हणूनच ती धरायला सगळ्यात सोपी असते. तिथून बेडूक काढून घ्या आणि पुढे चला. राखण गेली की तो सगळा थवा एका दिवसात चिलापीच्या आणि बगळ्यांच्या पोटात जातो.

घरी आल्यावर ड्रॅगची कळ पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात. रील नळाच्या धारेखाली धरू नका, काळ्या मातीचा गाळ धारेबरोबर आत जातो. ओल्या फडक्यानं पुसा, मुठीच्या सांध्यात आणि बेलच्या चाकात तेलाचा एकेक थेंब सोडा. दोऱ्याचं पुढचं हातभर टोक बोटांतून फिरवून बघा. ते खरखरीत लागलं तर कापून टाका, आणि कापलेला तुकडा पाण्याकाठी न सोडता घरी आणून बारीक चिरून कचऱ्यात घाला. ब्रेड वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि करंजाच्या काठानं चरणाऱ्या बगळ्या-करकोच्यांच्या पायांना त्याचा फास बसतो.